निकाल लागेपर्यंत

सन एकोणीसशे त्र्याऐंशी. तुळशीचं लग्न नुकतंच लागलं होतं. आमच्या ओसरीवर मामंजी पाटावर बसले होते, त्यांच्यासमोर घोंगडीवर माझे वकील आगाशे, खांबाला टेकून आमचे हे, आणि मी माजघराच्या उंबऱ्याआड. बायकांनी ओसरीवर यायचं नाही म्हणून नव्हे. माजघरातून ओसरीपर्यंत चालले तरी तेव्हा मला धाप लागायची.

मामंजींनी कोपरीच्या खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. फौजेत होते तेव्हापासून ती पुडी त्यांच्या अंगावर असे. उजव्या तळहातावर बेलाचं पान ठेवून त्यावर त्यांनी चिमूटभर भंडारा सोडला, मूठ मिटली, आणि म्हणाले,

"पालीच्या खंडोबाची आण. इंदीचं आपरेशन झाल्याबिगर कोर्टात तिची शेवटची सही हुणार न्हाय. सर्ज्यानं मधीच पाय मागं घेतला, तर मी त्याचा बाप न्हाय."

आमचे हे खाली बघत होते. आगाशे वकिलांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुभेदार, बेलभंडारा कोर्टात चालत नाही. पण तुमच्या गावात चालतो, हे मला माहीत आहे. मला पुरे."

मग ते माझ्याकडे वळले. "तुला नीट समजावून सांगतो, बाई. संमतीनं घटस्फोट आहे. अर्ज दिल्यावर कोर्ट काही महिने थांबायला लावतं. निकाल लागेपर्यंत तू हवालदार साबळ्यांची बायको आहेस. फौजेच्या दवाखान्यात तुझा हक्क आहे, हृदयाचं एवढं मोठं ऑपरेशन तिथं फुकट होईल. निकाल लागला, की दुसऱ्या दिवसापासून फौजेच्या लेखी तू कुणीही नाहीस. तेव्हा काय करायचं ते त्याच्या आत."

मी मान हलवली. मला जगायचं होतं. नवरा राहतो की जातो, याचं दुःख तोवर पुष्कळसं शिळं झालं होतं.

लहानपणी मला सांधेतापाचं दुखणं झालं होतं, त्यात हृदयाची एक झडप आवळून आली. लग्नात हे कुणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा जिवावर बेतलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला मूल नको, आणि वर्ष-दीड वर्षात झडप उघडली नाही तर हीही राहायची नाही. आमच्या ह्यांच्या सुट्ट्या मग आखूड होत गेल्या. सासूबाई आधीच वारल्या होत्या. त्या मोठ्या घरात मी आणि मामंजी, दोघंच.

मामंजींबद्दल काय सांगू. मला वडील आठवत नाहीत. वडील कसे असतात ते मी त्या घरात बघितलं. रात्री धाप लागली तर ते ज्वारीचं पोतं माझ्या पाठीशी लावून द्यायचे आणि कंदील घेऊन समोर बसून राहायचे. आडाचं पाणी मला ओढवेना, तेव्हा पेन्शनर सुभेदार स्वतः खांद्यावर घागर घेऊन निघाले. पाणवठ्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं विचारलं, "काय सुभेदार, सुनंचं पाणी भरताय?" तर म्हणाले, "फौजेत सायबाच्या घोड्याला पाणी दावलंय. माझी सून घोड्यापरीस वाईट हाय व्हय?"

आणि त्या उन्हाळ्यात ह्यांनी सुट्टीवर येऊन घटस्फोटाचं काढलं, तेव्हा मामंजींनी त्यांची ट्रंक उचलून अंगणात फेकली होती. सगळ्या आळीनं बघितलं. त्यानंतर त्यांनीच मला समजावलं, की पोरी, असा नवरा असून नसून सारखाच, पण जाता जाता त्याच्याकडनं तुझा जीव तरी वसूल करून घेऊ. सौदा त्यांनीच जमवला. तू सही दे, तो ऑपरेशन करून देईल.

एक गोष्ट इथंच सांगते, नंतर लागेल. त्याच्या आदल्या हिवाळ्यात गुडघे तपासायला म्हणून मामंजी पुण्याला गेले होते. जाताना म्हणाले, डिंकाचे लाडू करून दे, चांगले डबाभर. आणि त्यात अळीव घाल. मला हसू आलं. म्हटलं, "मामंजी, गुडघ्याला मेथी लागते. अळीव बाळंतिणीला." ते म्हणाले, "म्हातारपण बी बाळंतपणच असतंय, इंदे. घाल तू."

घातले. खारीक कुटताना चार वेळा बसावं लागलं, पण केले. जायफळ लावलं, प्रत्येक लाडवावर एक गोडंबी दाबली, आणि आईनं लग्नात दिलेल्या स्टीलच्या डब्यात भरून दिले. डब्यावर माझं नाव कोरलेलं होतं. महिन्याभरानं मामंजी परत आले ते डब्याशिवाय. एसटीत राहिला म्हणाले. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी विषय वाढवला नाही.

तर पुण्याला गेलो. ह्यांची बदली तेव्हा पुण्यातच होती. दवाखान्यात पहिल्या दिवशी ते आले, काय सह्या करायच्या त्या केल्या, आणि जाता जाता मला म्हणाले, "इथं कुणाशी फार बोलत बसू नको. युनिट इथनं लांब आहे, कुणी यायचं नाही." आठवड्यासाठी त्यांची पलटण गोळीबाराच्या सरावाला बाहेर चालली होती. मामंजी कुठल्याशा जुन्या सोबत्याकडे उतरले होते, ते सकाळ-संध्याकाळ यायचे.

त्या वॉर्डात बाईला नाव नसतं. तपासायला नेताना पुकारायचे, "वाइफ ऑफ हवालदार साबळे." सुरुवातीला मला कळायचंच नाही की हे मला म्हणतात. जन्मात मी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि आता, त्यांना सोडून जायच्या वाटेवर, दिवसातून दहा वेळा मी त्यांच्या नावानं उठत-बसत होते. शेजारच्या कॉटवर एका शिपायाची आई होती. तिला मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाली, "बरंय की. जाता जाता वापरून घे."

ऑपरेशन पुढच्या गुरुवारचं ठरलं. मेजरसाहेब डॉक्टरांनी येऊन हिंदीत सगळं समजावलं. फासळ्यांच्या बाजूनं उघडून झडप मोकळी करणार होते. भीती वाटते का, विचारलं. मी म्हटलं, वाटते, पण न करण्याची जास्त वाटते. ते हसले. मामंजी पायथ्याशी उभे होते, त्यांनी टोपी काढून डॉक्टरांना नमस्कार केला, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आजही मला वाटतं, ते पाणी खरं होतं. तोच तर घोटाळा आहे.

सोमवारी दुपारी वॉर्डात पाच-सहा बायका आल्या. सगळ्यांच्या हातात काही ना काही, कुणाच्या संत्री, कुणाच्या डबा. पुढं एक उंच, पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांना बघून सिस्टर लगबगीनं उठली. शेजारच्या म्हातारीनं मला सांगितलं, की ह्या कुठल्यातरी पलटणीच्या कर्नलसाहेबांच्या मेमसाब असणार. पलटणीतल्या कुणा जवानाची बायको दवाखान्यात भरती झाली, की दवाखान्यातनं पलटणीला कळवतात, आणि मेमसाब क्वार्टरांच्या लायनीतल्या बायकांना घेऊन भेटायला येतात. तशी रीतच आहे. नवरे बाहेरगावी असले तर हटकून येतात.

आमच्या ह्यांना ही रीत ठाऊक नसेल असं नाही. पण ती बायकांची रीत. पुरुषांच्या ध्यानात राहिली नाही.

त्यांतली एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई पुढं झाली. "सिस्टर, साबळेवैनींची कॉट कंची?"

सिस्टरनं माझ्याकडे बोट दाखवलं. ती बाई जवळ आली, माझ्याकडे बघितलं, आणि मागं वळून हसून म्हणाली, "ही न्हाई. इंदूवैनी गोऱ्या हायत. अन् अशा काटकुळ्या न्हाईत, चांगल्या भरल्या अंगाच्या."

सिस्टर म्हणाली, हीच. हवालदार साबळे, वाइफ.

"आसं कसं? सकाळी आमाला कळलं, तवा मी आधी त्येंच्या क्वार्टरवर गेले. म्हणलं टावेल-बिवेल न्यायचा आसंल. तर दारात इंदूवैनी सोता उभ्या, हाताला कणीक. मी म्हणलं, वैनी, तुमी दवाखान्यात हायसा न्हवं? त्या एकदम पांढऱ्याफटक. म्हणल्या, कुणाचंतरी नाव चुकलं आसंल. म्हणून तर मी मुद्दाम आले. बघू म्हणलं, आमच्या वैनींच्या नावावर कोण निजलंय."

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले असेन. माझ्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. मी म्हटलं, "माझं नाव इंदुमती साबळेच आहे. नावासारखं नाव असेल."

"गाव?"

मी गाव सांगितलं. तिचं हसू जरा थांबलं.

"त्येंचंबी त्येच गाव. सासरे काय करत्यात?"

"पेन्शनर सुभेदार आहेत. ज्ञानू साबळे."

ती बाई कॉटच्या कडेवर बसली. तिचं नाव सुगंधा ढाणे, हे मला नंतर कळलं. ती आता हळू बोलायला लागली, जसं आजाऱ्याशी बोलतात तसं. म्हणाली, सुभेदारांना आम्ही सगळ्या ओळखतो की. मागल्या थंडीत महिनाभर होते क्वार्टरवर. नातवाच्या बारशाला आले होते. नातवाला खांद्यावर घेऊन परेड दाखवायला न्यायचे. येताना सुनेसाठी अळिवाचे लाडू आणले होते, डबा भरून. साऱ्या लायनीत वाटले. डब्यावर इंदूवैनींचं नाव कोरलेलं होतं.

"जायफळ घातलेले," ती म्हणाली. "वर एकेक गोडंबी. मी इच्यारलं सुभेदारांना, कुणी केलं वो येवढं गोड? तर म्हणाले, घरी लेक हाय माझी, तिनं."

वॉर्डात वरचा पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. खारीक कुटताना मी चार वेळा बसले होते. ते लाडू गुडघ्याला गेले नव्हते, माझ्या नावानं नांदणाऱ्या बाईच्या बाळंतपणाला गेले होते. आमच्या ह्यांनी काय केलं, ते मला त्या क्षणी नीट कळलं, पण खरं सांगते, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. त्या माणसाकडून मी काही धरून बसले नव्हते. पण ओसरीवरची ती मूठ माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात सुगंधा म्हणाली, "हे काय, आलेच की सुभेदार."

मामंजी दारातून आत येत होते. हातात पेजेचा थर्मास. बायकांना बघून ते जागीच थांबले. सुगंधा रीतीप्रमाणे पाया पडायला वाकली, त्यांनी आशीर्वाद द्यायला हातसुद्धा उचलला नाही.

मेमसाबना एव्हाना काहीतरी गोंधळ आहे हे समजलं होतं. त्यांनी हिंदीत विचारलं, सुभेदारसाब, ही बाई कोण आहे?

मामंजी ताठ झाले. टाचा जुळल्या. नोकरी सुटून बारा-चौदा वर्षं झाली होती, तरी कर्नलच्या बायकोपुढं ते आपोआप सावधान उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं.

"भाची हाय माझी, मेमसाब," ते म्हणाले. "गावाकडची. लई आजारी. परिस्थिती न्हाय. म्हणून मी सुनंचं नाव लावून हितं घातली. सर्जेरावाला ठाऊक न्हाय, सुनंला न्हाय. गुन्हा माझा येकट्याचा. काय सजा द्याची ती मला द्या."

किती सुंदर बोलले. सिस्टरच्यासुद्धा चेहऱ्यावर कीव आली. म्हाताऱ्या फौजीनं भाचीसाठी जीव टाकून लबाडी केली, असंच कुणालाही वाटावं. मुलाची नोकरी त्यांनी वाचवली, पेन्शन वाचवली, क्वार्टरमधलं ते लेकरू वाचवलं. फक्त मी तेवढी उरले. माझ्याच नावात मी चोर ठरले होते. आणि चोरानं घेतलेल्या कॉटवर गुरुवारचं ऑपरेशन होत नसतं.

मेमसाब सिस्टरला म्हणाल्या, डॉक्टरांना बोलवा. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हे म्हणतात ते खरं आहे?

मामंजी माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होते, परेडीत बघतात तसं.

मला मोठ्यानं बोलता येत नसे, दम पुरत नसे. मी उठून बसले. म्हटलं, "मामंजी, खिशातली पुडी काढा."

ते हलले नाहीत.

"पुडी काढा भंडाऱ्याची. हातावर घ्या. आणि पालीच्या खंडोबाला सांगा, मी तुमची भाची आहे. तुम्ही तसं म्हणालात, की मी ही कॉट सोडते. पुन्हा तोंड उघडायची नाही."

मेमसाबना काही कळलं नाही. त्या उत्तरेकडच्या होत्या. पण बाकीच्या बायका सगळ्या साताऱ्या-कराडकडच्या, खंडोबाची तळी भरणाऱ्या.  संत्र्याची पिशवी घेतलेली एक जण दोन पावलं मागं सरकली. खंडोबाच्या नावानं खोटी आण घेताना समोर उभं राहू नये म्हणतात.

मामंजींचा हात कोपरीच्या खिशाकडे गेला. आत गेला. मला पुडीच्या कागदाचा आवाज आला. किती वेळ तो हात आत होता ते मला सांगता येणार नाही. मग तो रिकामाच बाहेर आला. त्यांनी थर्मास जमिनीवर ठेवला, आणि तिथंच, कॉटच्या पायापाशी, ते खाली बसले.

मेमसाबनी सुगंधाला विचारलं, काय झालं? हे काहीच का बोलत नाहीत?

सुगंधानं आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "मेमसाब, बोल दिया उन्होंने. ये ही असली है."

मग उखाण्याशिवाय मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतलं. म्हटलं, मी इंदुमती सर्जेराव साबळे. त्यांनी घटस्फोट मागितला आहे, मी देणार आहे. पण अजून निकाल लागलेला नाही. निकाल लागेपर्यंत मीच त्यांची बायको आहे, असं माझ्या वकिलांनी सांगितलं आहे.

तोवर मेजरसाहेब आले होते. मेमसाब त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी माझ्या पायावरची चादर नीट केली. म्हणाल्या, हवालदाराचं काय करायचं ते पलटण बघेल. ऑपरेशन गुरुवारीच होईल.

जाताना सुगंधा मागं राहिली. खाली बसलेल्या मामंजींकडे बघून ती म्हणाली, "सुभेदार, लाडू लई गोड हुते वो. आता कडू लागत्यात." ते थोड्या वेळानं उठले आणि निघून गेले. पेज तिथंच राहिली. शेजारच्या म्हातारीनं ती मला पाजली. मी प्याले. गुरुवारपर्यंत मला अंगात बळ हवं होतं.

बुधवारी संध्याकाळी ती आली. मी तिला बघताक्षणी ओळखलं, कारण तिच्या हातात माझा डबा होता. खरोखरच गोरी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. रडून रडून डोळे सुजले होते. तिनं डबा कॉटजवळच्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

मी नाव विचारलं. ती आधी 'इंदु' म्हणणार होती, ओठ तसे झाले. मग म्हणाली, "रतन."

"माझं नाव का घेतलंस, रतन?"

"मला सांगितलं हुतं, तुमी गेलात."

"कशानं?"

"ह्याच दुखण्यानं. म्हणाले, कागदावरचं नाव बदलायला लई येळ जातो, तवर हेच चालव. बदली झाली की नव्या जागी तुझं नाव लावू. मेलेल्या माणसाचं काय अडतंय."

मी म्हटलं, "असं सर्जेराव म्हणाले?"

ती डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पयल्यांदा सुभेदारच म्हणाले. माझ्या आईवडलांच्या फुडं बसून. ह्यो डबाबी तुमची आठवण म्हणून दिला मला. म्हणाले, माझी सून न्हवती ती, लेक हुती. अन् धोतराचा सोगा डोळ्याला लावून रडले."

मी डबा उघडून बघितला. घासून लख्ख केला होता. रतन म्हणाली, "अक्का, मी काय करू आता?" मला तिचा राग यायला हवा होता. पण तीही त्याच माणसाच्या डोळ्यांतल्या पाण्याला भुलली होती, ज्याला मी भुलले. मी म्हटलं, "उद्या माझं ऑपरेशन होऊ दे. मग विचार."

ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत त्यांनी मला ठेवून घेतलं. चौकशी लांबली, तोवर सर्जेराव नोकरीत होते आणि मी बायको होते. तेवढा अवधी मला पुरला. उन्हाळ्यात साताऱ्याच्या कोर्टात मी सही केली. आगाशे वकिलांनी विचारलं, "बाई, आता तर तू अडवूनही धरू शकतेस." मी म्हटलं, कशाला? दुसऱ्या दिवसापासून फौजेच्या लेखी मी कुणी नव्हते.

सर्जेरावांना काढून टाकलं, पेन्शनशिवाय. फलटणकडे एका साखर कारखान्यावर ते रखवालदार झाले. शेवटपर्यंत खाकी कपडे घालत असं ऐकलं. रतन त्यांना सोडून गेली नाही. निकालानंतर तिनं त्यांच्याशी रीतसर, स्वतःच्या नावानं लग्न लावलं. तिचा मुलगा फौजेत गेला, आता नायब सुभेदार आहे. आई म्हणून रतनला त्याच्यावर औषधपाणी मिळतं, त्याच दवाखान्यात. मला एकदा संक्रांतीला तिनं लिहिलं होतं, अक्का, इथं आता माझ्या नावानं पुकारतात. बाकी दुसरं काही लिहिलं नव्हतं.

मेमसाब पुन्हा कधी भेटल्या नाहीत. सुगंधा ढाणे मात्र शेवटपर्यंत मैत्रीण राहिली. नवरा रिटायर झाल्यावर ती कोरेगावला आली. दर हिवाळ्यात माझ्याकडे लाडू मागायची, आणि मी दर वेळी म्हणायचे, डिंकाचे देईन, अळिवाचे नाही. गेल्या वर्षी ती गेली.

मी भावाच्या गावी बालवाडीत लागले आणि तिथंच तीस वर्षं पोरं सांभाळली. मध्ये एकदा झडप पुन्हा आवळली, तेव्हा सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहून दुरुस्त करून घेतली. आता सत्तरी उलटली. जिना चढताना अजूनही थांबते, पण चढते.

मामंजी त्या दिवशी दवाखान्यातून निघाले ते सरळ गावी गेले. पुन्हा पालीच्या जत्रेला कधी गेले नाहीत. गावानं कारण विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणायचे. आठ-नऊ वर्षांनी निरोप आला, की सुभेदार अंथरुणाला खिळलेत आणि सारखं इंदी इंदी करतात. भाऊ म्हणाला, जाऊ नकोस. मी गेले.

ओसरीवरच खाट टाकली होती. घरात कुणी नव्हतं. शेजारची बाई दोन वेळा भाकरी देऊन जायची. मी चूल पेटवली, पेज केली, आणि त्यांना ज्वारीच्या पोत्याला टेकवून बसवून चमच्यानं पाजली. ते गुमान प्याले. तोंड पुसलं, तेव्हा म्हणाले,

"इंदे, आण पुरी झाली न्हवं? आपरेशन झाल्याबिगर सही न्हाई झाली."

"झाली, मामंजी."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. डोळे मिटायला लागले.

"आण तुम्ही घेतली होती," मी म्हटलं. "पाळली मी."

त्यांनी डोळे उघडले. उजवा हात गोधडीवर होता, मूठ मिटलेली. तो त्यांनी हळूहळू कोपरीच्या खिशाकडे नेला, चाचपला, आणि तिथंच ठेवून दिला. खिसा रिकामा होता. मी वाटी घासून पालथी घातली, कंदिलाची काच पुसून त्यांच्या उशाशी ठेवली, आणि शेवटच्या एसटीनं परत आले.